थर्मोस्टॅट काढून टाकला तरी गाडी तापतेच, असं का?

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो, न मागता मिळतो. "तापते ना? मग थर्मोस्टॅट काढून फेकून दे, पाणी मोकळं फिरू दे." ऐकायला एकदम पटतं, कारण पाण्याच्या वाटेत एक झडप आहे, झडप गेली की वाट मोकळी, वाट मोकळी की इंजिन थंड, यात चुकलं कुठे? आणि तरीही कित्येक गाड्यांमध्ये ती झडप काढल्यावर तापमानाचा काटा आधीपेक्षा जास्त वर जातो. माझ्या एका मित्राच्या जुन्या सहा सिलिंडरच्या गाडीत हे मी स्वतः बघितलंय, ते पुढे सांगतोच, पण आधी हा थर्मोस्टॅट नेमकं करतो काय आणि तो इंजिनात कुठे बसवलाय यावर एवढं सगळं का अवलंबून असतं ते बघू, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

तर पहिली गोष्ट, थर्मोस्टॅट गाडी थंड ठेवायला नसतोच मुळी, तो गाडी गरम ठेवायला असतो. थंड करायचं काम रेडिएटर, फॅन आणि पंपाचं. थर्मोस्टॅट फक्त खालची पातळी सांभाळतो, म्हणजे ८२ अंशाचा असेल तर इंजिन साधारण ८२ च्या खाली रेंगाळू द्यायचं नाही एवढीच त्याची ड्युटी. वर कुठपर्यंत जाईल ते रेडिएटरची ताकद ठरवते. म्हणून ८८ चा काढून ७४ चा बसवला की तापायची कटकट जात नाही, तापायला थोडा उशीर होतो इतकंच, कारण काटा १०५ वर पोचेपर्यंत दोन्ही केव्हाच पूर्ण उघडलेले असतात आणि पूर्ण उघडल्यावर दोघांत फरक तो काय राहिला? उलट नुकसान होतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, ज्वलनातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये जाऊन बसतं आणि ऑइल कॅपच्या आतल्या बाजूला तो पांढरट चिकट थर धरतो. गाडी महिन्यातून दोनदा थोडीशी फिरवणाऱ्यांनी ही कॅप उलटी करून बघाच एकदा.

आता ती वस्तू हातात घेऊ. पितळेची चकती, मधे स्प्रिंग, आणि खाली बोटाच्या पेराएवढी बंद डबी. त्या डबीत मेण भरलेलं असतं, पण साधं नाही, ठरावीक तापमानाला वितळेल असं. मेण घन असताना जेवढी जागा घेतं त्यापेक्षा वितळल्यावर बरीच जास्त घेतं, आणि डबी बंद असल्यामुळे ते फुगून एका पिनला बाहेर ढकलतं, पिन झडप उघडते. थंड झालं की स्प्रिंग झडप परत मिटवते. बॅटरी नाही, वायर नाही, काही नाही. हे मेणवालं डिझाइन १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट नावाच्या माणसाने आणलं आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. डबीवर नाहीतर चकतीवर ७४, ८२, ८८ असा आकडा कोरलेला असतो, तो उघडायला सुरुवात होण्याचा आकडा, पूर्ण उघडायला त्याच्यावर अजून १० ते १५ अंश लागतात. बऱ्याच जणांची इथेच गफलत होते. ८२ वाला ८२ ला धाडकन उघडत नाही, हळूहळू उघडतो, आणि गाडी साध्या वेगात चालताना तो बहुतेक वेळ अर्धवट उघडाच असतो.

मेणाच्या आधी भात्याचे थर्मोस्टॅट असायचे. पितळेचा पातळ, घड्या घातलेला भाता, आत लवकर वाफ होणारा द्रव. तापलं की भाता फुगतो आणि झडप उचलतो. या भात्याची एक खुबी म्हणजे तो फुटला तर स्वतःच्या ताणाने पसरून झडप उघडी ठेवतो, म्हणजे बिघडला तरी गाडीचा जीव वाचतो. मेणवाला बिघडला की बरेचदा बंदच अडकतो. पण भात्याला बाहेरचा दाब सोसत नाही, सिस्टिममध्ये दाब वाढला की तो दाब भात्याला दाबून धरतो आणि उघडायला उशीर होतो, त्यामुळे रेडिएटरला जास्त दाबाच्या कॅप लागायला लागल्या तसे भाते मागे पडले. जुन्या गाडीत अजून भातावाला असेल आणि कुणी हौसेने जास्त दाबाची कॅप लावली असेल तर हे ध्यानात ठेवा.

आता जागेकडे येऊ. बहुतेक क्लासिक गाड्यांत थर्मोस्टॅट हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, वर, पुढच्या टोकाला, जिथून गरम पाणी बाहेर पडून रेडिएटरकडे जातं तिथे बसतो. याला आपण बाहेरच्या दारावरचा म्हणू. जुन्या कॉर्व्हेटच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये तो इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरला हवा-पेट्रोल पोचवणाऱ्या नळ्यांच्या ओतीव तुकड्याच्या, पुढच्या तोंडावर असतो, एमजीबीत हेडच्या पुढे, डॅटसन २४० झेडमध्येही तसाच हेडच्या पुढच्या बाजूला. ही जागा का? कारण तिथे इंजिनातलं सगळ्यात गरम पाणी भेटतं, थर्मोस्टॅटला हेडची खरी अवस्था थेट कळते. शिवाय ती जागा उंचावर, त्यामुळे हवा आपोआप तिकडे येते, पाणी भरताना त्रास कमी, आणि दोन-तीन बोल्ट काढले की वस्तू हातात.

तोटा असा की हा दारवान फक्त बाहेर जाणाऱ्याला बघतो, आत कोण येतंय ते त्याला दिसत नाही. थंडीच्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, हेडमधलं पाणी ८२ झालं, झडप उघडली, आणि रेडिएटरमध्ये रात्रभर गार पडलेलं सगळं पाणी एकदम ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरवाल्या खालच्या भागात, घुसलं. ते गार पाणी फिरून वर आलं की झडप परत बंद. परत तापलं, परत उघडली. म्हणून जुन्या गाडीत सुरुवातीला काटा वर जातो, खाली येतो, परत वर जातो आणि दोन-तीन हेलकावे घेऊन मग स्थिर होतो. नवीन मालक घाबरतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण झडप बंद असताना पंप काय करत असतो? तो तर बेल्टवर फिरतोच आहे. पाणी ढकलायला जागाच नसेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, आसपासचं पाणी तिथल्या तिथे उकळायला लागेल आणि इंजिनच्या दुसऱ्या टोकाला पाणी गारच असेल, थर्मोस्टॅटला पत्ताही लागणार नाही. म्हणून एक आडवाट ठेवलेली असते, बायपास. हेडमधून निघालेलं पाणी रेडिएटरला न जाता थेट पंपाकडे परत येतं आणि इंजिनातल्या इंजिनात गोल गोल फिरत सगळं एकसारखं तापतं. थर्मोस्टॅटबद्दल बोलताना लोक झडपेबद्दलच बोलतात, मला विचाराल तर खरी गोष्ट बायपासची आहे.

बायपास दोन प्रकारचे. एक कायम उघडा, पण बारीक. स्मॉल ब्लॉक कॉर्व्हेटमध्ये ब्लॉक आणि पंपाच्या आतूनच एक छोटं भोक जातं. एमजी मिजेट, ऑस्टिन-हीली स्प्राइट आणि मिनीच्या ए-सिरीज इंजिनात हेड आणि पंप यांच्या मधे तो कुप्रसिद्ध आखूड रबरी पाइप असतो, जो बदलायला निघालेल्या प्रत्येकाने शिव्या घातल्यात. वाट बारीक असल्यामुळे गरम झाल्यावरही तिथून थोडंच पाणी पळतं, चालून जातं. दुसरा प्रकार म्हणजे मोठा बायपास, जो थर्मोस्टॅट स्वतःच बंद करतो. झडप रेडिएटरकडची वाट उघडते त्याच हालचालीत थर्मोस्टॅटला जोडलेली दुसरी चकती नाहीतर पितळेची बाही आडवाटेचं तोंड झाकते. सुरुवातीच्या जॅग्वार ई-टाइपमध्ये, म्हणजे १९६१ पासूनच्या, अशीच रचना. थर्मोस्टॅट ज्या घरात बसतो त्या हाउसिंगच्या आतल्या भिंतीत आडवी खाच, आणि थर्मोस्टॅट उघडताना त्याच्याबरोबर सरकणारी बाही ती खाच झाकून टाकते.

आता मित्राची गोष्ट. त्याच्या गाडीतही असाच खाचवाला हाउसिंग होता. गाडी तापायची, सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाला काटा ९५, मग १००, चढ लागला की अजून वर. रेडिएटर उघडून आतला गाभा नवीन करून झाला. मोठा फॅन झाला. कूलंट दोनदा बदललं. इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे-मागे करून झालं. आणि अर्थातच कुणीतरी थर्मोस्टॅट काढूनही बघितला, तेव्हा तर अजून वाईट. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी आम्ही हाउसिंग उघडून बसलो, त्याने आत बोट घातलं आणि म्हणाला, "अरे, इथे आत भिंतीला भोक कसलं?" बोट आरामात शिरेल एवढी खाच, आणि जो थर्मोस्टॅट बसवलेला होता तो साधा, बाही नसलेला. व्यास बरोबर, आकडा बरोबर, बसतोय व्यवस्थित, म्हणून आधी कुणीतरी बसवून दिलेला. म्हणजे इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही पाण्याला दोन वाटा उघड्या होत्या, एक लांबची रेडिएटरमधून, एक जवळची खाचेतून. पाणी जिकडे अडथळा कमी तिकडे पळणार, त्यात त्याचा काय दोष.

यात किती फरक पडतो त्याचा साधा हिशेब करू. समजा हेडमधून ९५ अंशाचं पाणी निघतंय आणि रेडिएटरमधून ते ७५ चं होऊन परत येतंय. सगळं पाणी रेडिएटरमधून गेलं तर इंजिनला ७५ चं पाणी मिळेल. पण तीनातला एक भाग बायपासने पळाला तर दोन भाग ७५ चे आणि एक भाग ९५ चा, मिसळून जवळपास ८२. इंजिनला आता सात अंश जास्त गरम पाणी मिळतंय, ते आत अजून तापणार, बाहेर ९५ नाही तर त्याहून जास्त होऊन निघणार, आणि हे चक्र वर वर सरकत जातं. थर्मोस्टॅट पूर्ण काढला की हीच अवस्था येते, कारण झडपेबरोबर बायपास झाकणारी बाहीसुद्धा गेली. म्हणूनच रेसवाले थर्मोस्टॅट काढतात तेव्हा त्या जागी ब्लँकिंग स्लीव्ह नावाची नळी बसवतात, जी बायपासचं तोंड बंद ठेवते. त्यांचं बघून लोक थर्मोस्टॅट काढतात पण स्लीव्ह बसवायची विसरतात.

याचंच दुसरं स्पष्टीकरण तुम्ही ऐकलं असेल, की थर्मोस्टॅट काढला की पाणी फार जोरात पळतं आणि रेडिएटरमध्ये त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. हे इतक्या आत्मविश्वासाने सांगतात की खोटं वाटतच नाही, पण खोटं आहे. रेडिएटरमध्ये पाणी ९० चं शिरलं आणि सावकाश जाऊन ६० चं निघालं तर आतलं सरासरी तापमान ७५. बाहेरची हवा ३० ची असेल तर फरक ४५. तेच पाणी जोरात गेलं, ९० चं शिरून ८० चं निघालं, तर सरासरी ८५ आणि हवेशी फरक ५५. उष्णता फरकावर पळते, फरक जास्त तर जास्त उष्णता हवेत जाणार. पाणी कमी थंड होऊन निघालं हे खरं, पण तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त पाणी निघालं. आणि तेच पाणी परत फिरून येणार आहे, एकदाच जाऊन संपणार नाहीये, त्यामुळे एका फेरीत त्याला किती वेळ मिळाला याला अर्थच नाही.

मग असा मोठा बायपास नसलेल्या गाडीत थर्मोस्टॅट काढल्यावरही कधीकधी त्रास होतो तो का? दाबामुळे. पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅटसुद्धा वाटेत थोडा अडथळा असतोच, पंप मागून ढकलतो, त्यामुळे हेडच्या आत रेडिएटरपेक्षा थोडा जास्त दाब राहतो. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटजवळ धातू इतका गरम असतो की तिथे बारीक बुडबुडे सुटतातच, ते ठीक आहे, उलट चांगलं, बुडबुडा उष्णता घेऊन निघून जातो. पण दाब कमी पडला तर ते एकत्र येऊन वाफेची सलग चादर बनते आणि वाफ पाण्यासारखी उष्णता उचलत नाही. धातू तापत जातो, पाण्याचा काटा मात्र ठीकठाक दाखवतो. म्हणून त्या ब्लँकिंग स्लीव्हचं भोकही मोजूनमापून लहान ठेवतात.

आता दुसरी जागा, आतल्या दारावरची, म्हणजे पाणी रेडिएटरमधून परत इंजिनात शिरतं तिथे, पंपाच्या तोंडाशी. पोर्शे ९४४ मध्ये थर्मोस्टॅट वॉटर पंपाच्या घरातच बसतो. बीएमडब्ल्यू २००२ मध्ये तो इंजिनवर नाहीच, तीन तोंडांचा वेगळा तुकडा होज पाइपांच्या मधे लटकतो, एका तोंडातून रेडिएटरचं थंड, दुसऱ्यातून इंजिनचं गरम, तिसऱ्यातून मिसळलेलं पंपाला. या जागेचा फायदा असा की मेण त्या मिसळलेल्या पाण्यात बसतं, थंड पाणी जरा जास्त आलं की झडप लगेच थोडी मिटते, गरम जास्त आलं की थोडी उघडते, त्यामुळे इंजिनात शिरणारं पाणी एकसारखं राहतं, ते गार पाण्याचे दणके बसत नाहीत. अॅल्युमिनियमचं हेड आणि लोखंडी ब्लॉक असेल तर हे फार बरं. १९९२ च्या कॉर्व्हेटमधल्या एलटी१ इंजिनात तर पाण्याची दिशाच उलटी केली, रेडिएटरमधून आलेलं पाणी आधी हेडला आणि मग ब्लॉकला, आणि तिथे थर्मोस्टॅट आत येणाऱ्या बाजूलाच आहे.

पण आतल्या दारावरचा थर्मोस्टॅट बायपासशिवाय आंधळा असतो. हे नीट समजून घ्या, कारण इथे चांगले चांगले फसतात. बाहेरच्या दारावर थर्मोस्टॅट नसेल तर बायपास बुजवणं बरोबर. तोच शहाणपणा आतल्या दाराच्या गाडीत केला आणि बायपास बुजवला तर मेणापर्यंत गरम पाणी पोचणारच नाही, मेण गार पाण्यात निवांत पडून राहणार, झडप बंद, आणि वरती हेड उकळतंय. एकच उपाय, एका गाडीत औषध आणि दुसरीत विष. अजून एक, इथे झडपेचा अडथळा पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला येतो, त्यामुळे जास्त आरपीएमला पंपाच्या तोंडाशी दाब कमी होऊन पाण्यात बुडबुडे होऊ शकतात, म्हणून अशा गाड्यांत रेडिएटरची कॅप धड असणं जास्त महत्त्वाचं.

कॅपचं थोडक्यात. दर १ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाबाला पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर सरकतो, म्हणजे ७ पीएसआयच्या कॅपला पाणी ११० च्या आसपास उकळेल, १५ च्या कॅपला १२० च्या आसपास. ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य द्रव्य, अर्धंअर्धं मिसळलं की उकळबिंदू अजून वर जातो, पण मिश्रणाची उष्णता वाहायची ताकद साध्या पाण्यापेक्षा दहाएक टक्के कमी होते, हेही खरं. गंज लागू नये म्हणून ते हवंच. कॅप जास्त दाबाची लावली म्हणून इंजिन थंड होत नाही, फक्त उकळायला उशीर होतो, आणि पन्नास वर्षांचा रेडिएटर तो दाब सोसेल याची गॅरंटी कुणी द्यावी.

इंजिन मागे किंवा मधे आणि रेडिएटर पुढे अशा गाड्या म्हणजे वेगळंच प्रकरण. लॅम्बोर्गिनी मिउरा, लोटस युरोपा, फियाट एक्स१/९, डीलोरियन, सगळ्यांत गाडीच्या लांबीएवढे पाइप पुढे जातात आणि परत येतात. थर्मोस्टॅट इंजिनशी, रेडिएटर कितीतरी फूट लांब. पाणी बदलताना त्या पाइपांत आणि रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकते, आणि हवेचा बुडबुडा जर थर्मोस्टॅटच्या डबीभोवती येऊन बसला तर हवा पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही, झडप उशिरा उघडते, तोवर हेडमध्ये गडबड होऊन जाते. म्हणून एक्स१/९ च्या रेडिएटरला वर हवा सोडायचा स्क्रू असतो, इंजिन चालू ठेवून तो सैल करून ठेवायचा, फसफस थांबून सलग पाणी यायला लागेपर्यंत. हवेचं दुसरं उदाहरण म्हणजे ट्रायम्फ स्टॅग, १९७० ची व्ही-८. तिचा वॉटर पंप दोन हेडच्या मधल्या खोबणीत इतका उंच बसवलाय की पाणी थोडं कमी झालं तरी पहिला कोरडा पडतो तो पंपच. कोरडा पंप हवा ढकलत बसतो. त्या गाडीच्या बदनामीत या उंचीचा वाटा मोठा.

एअर-कूल्ड पोर्शे ९११ वाले म्हणतील आमचं काय, आमच्यात पाणीच नाही. पाणी नाही पण थर्मोस्टॅट आहे, ऑइलचा. तापमान ८० च्या वर गेलं की ऑइल पुढच्या उजव्या फेंडरमधल्या कूलरकडे सोडायचं, तोवर सोडायचं नाही. ऑइलचा काटा वर चढलाय आणि पुढे जाणारे ऑइल पाइप हाताला गारच लागतायत, तर तो थर्मोस्टॅट अडकलाय, फार डोकं खाजवायची गरज नाही.

आणि काट्याचं काय खरं मानायचं? सेंडर, म्हणजे काट्याला तापमान कळवणारा सेन्सर, नेमका कुठे बसवलाय ते आधी बघा. तो थर्मोस्टॅटच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर हेडची खबर देतो, रेडिएटरकडच्या बाजूला असेल तर झडप बंद असताना काही कळतच नाही. सेंडरचं टोक हवेत असेल तर काटा खाली पडतो, म्हणजे उकळत्या गाडीचा काटा एकदम खाली आला तर आनंद मानू नका, पाणी संपलंय. ई-टाइपसारख्या गाड्यांत गेजला १० व्होल्ट देणारा छोटा स्टॅबिलायझर असतो, तो बिघडला की तापमान आणि पेट्रोल दोन्ही काटे एकदम चढे दाखवतात. टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा फुल्ल दाखवतोय आणि तापमानाचा काटाही वर चढलाय, असं दिसलं तर गाडी बहुतेक तापत नाहीये.

कधी तापते यावरूनही बरंच कळतं. ट्रॅफिकमध्ये तापते, पळायला लागली की उतरते, म्हणजे हवेचा प्रश्न, फॅन, फॅनभोवतीचं आच्छादन, रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत (फिन्समध्ये) अडकलेला कचरा. उलट ट्रॅफिकमध्ये ठीक आणि हायवेला चढते, म्हणजे पाण्याच्या वाटेत कुठेतरी अडलंय, रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्यात, बायपास उघडा राहिलाय, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाहीये, नाहीतर इग्निशन मागे पडलंय, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय. जुन्या लोखंडी ब्लॉकमध्ये पंपापासून लांबच्या, मागच्या सिलिंडरभोवती गाळ आणि गंज साचतो, तो रेडिएटर कितीही चांगला केला तरी जात नाही, ब्लॉकचा ड्रेन प्लग काढून तारेने कोरावा लागतो.

थर्मोस्टॅट तपासायला मात्र कुणाकडे जायची गरज नाही. पातेल्यात पाणी घ्या, थर्मामीटर सोडा. थर्मोस्टॅटची झडप हाताने जरा उघडून तिच्या फटीत दोऱ्याचं टोक अडकवा आणि दोऱ्याने तो पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, तळाची उष्णता वेगळी असते. आता गॅस बारीक ठेवून बघत बसा. ७५, ७८, ८०, काही होत नाही, आणि मग एका क्षणी झडपेची पकड सुटते, दोरा निसटतो आणि थर्मोस्टॅट टुप्पकन तळाला. तोच उघडायला लागण्याचा आकडा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे असेल तर ठीक. मग पाणी अजून तापवून झडप किती उचलली जाते ते बघा, ७-८ मिलीमीटर तरी हवी, आणि गॅस बंद केल्यावर पूर्ण मिटते का तेही. नवीन आणलेलासुद्धा असाच तपासून बसवा. मित्राच्या गाडीसाठी शोधून आणलेला बाहीवाला आम्ही आधी पातेल्यात घातला, ८१ ला सुटला, मग हाउसिंगमध्ये हाताने धरून बाही खाचेसमोर नीट येते का ते बघितलं. बसवल्यावर त्याच रस्त्यावर काटा ८५ वर चिकटून राहिला आणि त्याचा तो मोठा फॅन आता उगाच आवाज करतो म्हणून त्याने काढून टाकला.

बसवताना दोन गोष्टी. मेणाची डबी इंजिनच्या बाजूला, उलटा बसवला तर ती रेडिएटरच्या गार पाण्यात राहील आणि झडप उघडणारच नाही. आणि चकतीला एक बारीक भोक असतं, त्यात सैल पिन लुकलुकते, ती हवा निसटायला असते. थर्मोस्टॅट आडवा किंवा तिरका बसत असेल तर ते भोक सगळ्यात वर, घड्याळाच्या १२ वर यायला हवं. भोक नसलेला थर्मोस्टॅट मिळाला तर ३ मिलीमीटरचं एक भोक स्वतः पाडून घ्या, थंडीत गाडी गरम व्हायला किंचित जास्त वेळ घेईल, पण पाणी भरताना हेडमध्ये हवा कोंडणार नाही.